निरसन झाले, व्यावृत्ती कुठे आहे?

शासकीय सेवेत ज्यांनी आयुष्य घालवले त्यांना कायद्याच्या अखेरीस येणारे एक छोटे कलम चांगले परिचयाचे असते. नवा कायदा आला की जुना रद्द होतो. परंतु 'निरसन आणि व्यावृत्ती' या मथळ्याखाली दोनचार ओळी हमखास लिहिलेल्या असतात. जुन्या कायद्यान्वये जे केले गेले ते वैध राहील, जो हक्क एकदा प्राप्त झाला तो बुडणार नाही, जी कारवाई चालू आहे ती मध्येच अधांतरी लटकणार नाही. एखाद्या मसुद्यात या ओळी लिहायच्या राहून गेल्या, तरी १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे सहावे कलम सामान्यतः पाठीशी उभे असते. आम्ही मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत होतो. तिथला कारभार हिंदीत चाले. पण हे दोन शब्द तिथेही हेच. नवे आणताना, जुन्यावर विसंबून वागलेल्या माणसाचे नुकसान होऊ देऊ नये, एवढी समज सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परकीय राज्यकर्त्यांनाही होती. आजच्या ई-मेल पुरवणाऱ्या बलाढ्य कंपन्यांना ती नाही, असा आमचा आरोप आहे.

आरोप नेमका कशाबद्दल, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. ई-मेलच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, याबद्दल आमची तक्रार नाही. ते कडक व्हायलाच हवे होते. तक्रार आहे ती, नियम बदलताना ज्यांचा वीस-पंचवीस वर्षांचा पत्रव्यवहार जुन्या सॉफ्टवेअरमध्ये साठलेला आहे, त्यांच्यासाठी चालता येईल अशी वाट ठेवली नाही आणि जिथे थोडीबहुत वाट होती तिथे ती कुणाला सांगितली नाही, याबद्दल.

जुन्या मराठी वस्तीतल्या घरांना पत्राचे मोल वेगळे सांगायला नको. एक भाऊ इंदूरला, दुसरा बडोद्याला, बहीण बेळगावला दिलेली, आत्या हैदराबादेत, मावशीचे घर ग्वाल्हेरला. अशा विखुरलेल्या कुटुंबांना आंतरदेशीय पत्रांनीच बांधून ठेवले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले आणि पुढील काही वर्षांत ते आमच्या शहरांतही पोहोचले. मुले परदेशी गेली तसतशी आंतरदेशीय पत्रांची जागा ई-मेलने घेतली. नातवंडांची बारशी, वडिलांच्या आजारपणाचे वृत्तांत, वाड्याच्या वाटणीचे वाद, संस्थेच्या अध्यक्षपदावरून झालेली रणे, एकमेकांच्या लेखांवर केलेले लाल शेरे, हे सगळे त्या काळी ई-मेलमध्ये उतरले. एका अख्ख्या पिढीचा कौटुंबिक आणि सांस्कृतिक दफ्तरखाना तिथे आहे.

हा दफ्तरखाना कुठे आहे, हे नव्या पिढीस ठाऊक नसते. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून जोडणी होई आणि मिनिटामिनिटाचे पैसे पडत. म्हणून सर्वांची रीत एकच होती: जोडणी करावी, आलेली पत्रे भराभर आपल्या संगणकावर उतरवून घ्यावीत, लिहिलेली पाठवून द्यावीत, तार तोडावी आणि मग निवांत वाचावे. 'पॉप' नावाची पद्धत नेमकी यासाठीच होती. तिच्या नेहमीच्या मांडणीत पत्र एकदा घरच्या संगणकावर उतरले की कंपनीच्या सर्व्हरवरून ते पुसले जाई. म्हणजे त्या वर्षांतली पत्रे आज गुगलपाशी नाहीत, मायक्रोसॉफ्टपाशी नाहीत आणि कुठल्याही आकाशस्थ साठ्यात नाहीत. ती असलीच तर माळ्यावरच्या जुन्या संगणकात आहेत.

ही पत्रे सांभाळणारी दोन सॉफ्टवेअर आमच्या पिढीच्या विशेष परिचयाची. पहिले आउटलुक एक्सप्रेस. ते १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आले आणि विंडोज एक्सपीबरोबर घरोघर पोहोचले. दुसरे युडोरा. ते १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी लिहिले. टपाल कचेरीत जाऊन राहणाऱ्या नायिकेची कथा लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी या अमेरिकन लेखिकेवरून त्याला नाव मिळाले, हे साहित्यप्रेमी वाचकांस ऐकून संतोष वाटेल. पुढे ते क्वालकॉम कंपनीकडे गेले आणि २००६ साली त्याची वाढ थांबली. एक्सपीचे अधिकृत पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले आणि आउटलुक एक्सप्रेस त्यापुढच्या कोणत्याही विंडोजवर आलेच नाही. तरीही ही दोन्ही सॉफ्टवेअर कित्येक घरांत पुढेही चालत राहिली. वापरणाऱ्याला त्यात सर्व काही सापडत होते. कुठे काय ठेवले आहे हे त्याच्या बोटांना ठाऊक होते.

मग दारे बंद होऊ लागली. बंद होण्याची कारणे दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत.

पहिले कारण लखोट्याचे. संगणक आणि सर्व्हर यांच्यामधला मजकूर वाटेत कुणी वाचू नये म्हणून तो गुप्त रूपात पाठवतात. त्या पद्धतीचे नाव टीएलएस. तिची पहिली आवृत्ती १९९९ ची, पुढची २००६ ची, त्यानंतरची, म्हणजे १.२ ही, २००८ ची आणि १.३ ही २०१८ ची. पहिल्या दोन आवृत्त्यांतील उणिवा उघड झाल्यावर मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या मंडळाने त्या अधिकृतपणे कालबाह्य ठरवल्या. आउटलुक एक्सप्रेस हा लखोटा स्वतः बनवत नाही. तो विंडोजकडून घेतो आणि एक्सपीला १९९९ च्या पुढचा लखोटा बनवता येत नाही. साहजिकच नवा सर्व्हर त्याच्याशी बोलणे नाकारतो.

दुसरे कारण ओळखीचे. जुने सॉफ्टवेअर सर्व्हरपाशी जाऊन नाव आणि पासवर्ड सांगते आणि आत जाते. नव्या पद्धतीत सॉफ्टवेअरच्या हाती पासवर्ड दिलाच जात नाही. कंपनीच्या पानावर आपण स्वतः ओळख पटवायची आणि मग कंपनी त्या सॉफ्टवेअरपुरते एक प्रवेशपत्र देते. ते हवे तेव्हा रद्द करता येते. या पद्धतीचे नाव ओऑथ; तिची दुसरी आवृत्ती २०१२ साली मानक झाली. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नाव आणि नेहमीचा पासवर्ड सांगून आत येणे बंद केले. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून संस्थांच्या खात्यांसाठी आणि १६ सप्टेंबर २०२४ रोजी वैयक्तिक खात्यांसाठी तेच केले. आउटलुक एक्सप्रेस आणि युडोरा यांच्या जन्मकाळी ही प्रवेशपत्रे अस्तित्वातच नव्हती. ती मागायची कशी हे त्यांना कळणार कुठून?

या दोन्ही बदलांच्या मुळाशी असलेली भीती खरी आहे. सप्टेंबर २००१ मध्ये पसरलेला निमडा हा उपद्रवी कार्यक्रम पत्र नुसते नजरेखाली आले तरी आउटलुक एक्सप्रेसमधून चालू होऊ शकत असे. आज तर निवृत्तिवेतन, बँक, विमा, आधार या सर्वांची किल्ली ई-मेल खात्यात असते. "आम्हा म्हाताऱ्यांचे कोण काय चोरणार?" असे म्हणून एक्सपीचा संगणक थेट इंटरनेटला जोडून ठेवणारे आमचे काही समवयस्क आहेत. त्यांच्या बाजूने उभे राहण्याची आमची तयारी नाही. चोराला म्हाताऱ्याचे खाते अधिक सोयीचे असते. तो हिशेब उशिरा तपासतो. शिवाय हाती लागलेल्या खात्यातून चोर त्याच्या साऱ्या नातेवाइकांना पत्रे लिहितो. तेव्हा कुलूप बदलले याला आमची संमती आहे.

परंतु कुलूप बदलताना घरमालकाला कसे वागवले? आमच्या परिचयातील एका वयोवृद्ध गृहस्थांना त्यांच्या सेवेकडून सूचना आली ती इंग्रजीत. तीत तारीख होती, 'आधुनिक सॉफ्टवेअर वापरा' असा उपदेश होता आणि एका साहाय्यपानाकडे बोट दाखवलेले होते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवलेल्या पत्रांचे काय करावे, याबद्दल एक शब्द नव्हता. गृहस्थांनी ती सूचनाच फसवणुकीची समजून पुसून टाकली आणि तेही योग्यच. कारण फसवणुकीची पत्रे हुबेहूब अशीच असतात. ठरल्या दिवशी पत्रे येणे थांबले. मुलाने सुटीत येऊन 'जुना डबा' भंगारात दिला. त्यात त्यांच्या दिवंगत पत्नीची आठ वर्षांची पत्रे होती. पासवर्ड चोरीला जाऊ नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताची अखेर ही झाली.

या सर्व प्रकाराचे समर्थन करणारे तीन युक्तिवाद आम्ही वारंवार ऐकतो. ते क्रमाने तपासू.

पहिला: "नवे सॉफ्टवेअर घ्या, फुकट मिळते." मिळते हे खरे. थंडरबर्डसारखे खुले सॉफ्टवेअर २००४ पासून आहे, ते ओऑथ जाणते आणि आम्ही स्वतः त्याची शिफारस करतो. पण नवे घेतल्याने नवी पत्रे येतील, जुन्यांचे काय? आउटलुक एक्सप्रेस प्रत्येक कप्प्याची सारी पत्रे डीबीएक्स नावाच्या एकेका बंदिस्त फायलीत कोंबून ठेवते. ती फाईल सुमारे दोन गिगाबाइटपर्यंत वाढली की धोक्यात येते आणि आवळताना मध्येच वीज गेली तर बिघडू शकते. तिची अंतर्गत रचना बाहेरच्या अभ्यासूंना उकलून काढावी लागली. आजची नेहमीची सॉफ्टवेअर ती थेट उघडत नाहीत. म्हणजे 'नवे घ्या' हा सल्ला नव्या घराची किल्ली देतो आणि जुन्या घरातले सामान आणायला बैलगाडी देत नाही.

दुसरा: "आता सारे क्लाउडवर असते, घरी ठेवायचेच कशाला?" या विश्वासाची परीक्षा होऊन गेली आहे. २००० नंतरच्या दशकात याहू ग्रुप्सवर जगभरच्या मंडळांचे आणि हौशी गटांचे संवाद चालत. मराठी माणसेही तिथे मोठ्या संख्येने होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथला संचय काढून टाकण्याची घोषणा झाली आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच बंद पडली. ज्यांनी मुदतीत उचलले त्यांचे वाचले. गुगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले की, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून पुसली जाऊ शकतील. दोन वर्षे न वापरलेले खाते बहुधा कुणाचे असते? अंथरुणाला खिळलेल्याचे, नाही तर गेलेल्याचे. त्याच्या मुलांना पासवर्ड ठाऊक नसतो आणि दुःखातून सावरून ते चौकशीला लागतात तोवर मुदत संपत आलेली असते. दुसऱ्याच्या कोठारात ठेवलेले धान्य दुसऱ्याच्या नियमाने राहते, हे आमच्या आजोबांना कळत होते.

तिसरा युक्तिवाद सर्वांत उद्धट: "मूठभर जुनाट लोकांसाठी कोण खर्च करणार?" याचे उत्तर असे की, ज्यांना कुणी पैसे दिले नाहीत अशांनी ते काम करून ठेवले आहे. स्टनेल नावाचे छोटे खुले सॉफ्टवेअर १९९८ पासून आहे. ते दुभाष्याचे काम करते. घरातले जुने सॉफ्टवेअर त्याच्याशी आपल्या जुन्या साध्या भाषेत बोलते आणि बाहेरच्या सर्व्हरशी ते आजच्या टीएलएसमध्ये बोलते. लखोट्याचा प्रश्न इथे सुटतो. ओळखीच्या प्रश्नासाठीही असेच दुभाषे खुल्या स्वरूपात उपलब्ध आहेत: जुन्या सॉफ्टवेअरने सांगितलेला पासवर्ड ते घरातल्या घरात घेतात, ब्राउझरमधून मालकाची ओळख एकदा पटवून प्रवेशपत्र मिळवतात आणि सर्व्हरला ते दाखवतात. युडोरा आजच्या विंडोजवरही चालू शकते. तिच्या शेजारी असा दुभाष्या बसवला की काम भागते. एकेकट्या स्वयंसेवकांना जे सुट्टीच्या दिवशी जमले, ते जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांना परवडत नाही, यावर आम्ही विश्वास ठेवावा काय?

खुद्द गुगलनेच यातला एक मार्ग उघडा ठेवला आहे. दोन टप्प्यांची ओळख चालू केली की एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरपुरता सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड मागून घेता येतो. तो चोरीला गेला तर तेवढाच रद्द करावा; मूळ खात्याच्या पासवर्डाला धक्का लागत नाही. यालाच आम्ही व्यावृत्ती म्हणतो. म्हणजे ती अशक्य नाही हे सिद्ध आहे. पण ती साहाय्यपानांच्या तळघरात लपलेली आहे, ज्याला गरज आहे त्याला सांगितलेली नाही. आणि मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक खात्यांसाठी आता तेवढीही सवड ठेवलेली नाही.

मोठा बदल माणसांना न चिरडता करता येतो, हे आपल्या देशाने करून दाखवले आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तो बदल आजच्या कोणत्याही सुरक्षानियमाइतकाच आवश्यक होता आणि त्या काळच्या बाजारहाट करणाऱ्या निरक्षर माणसाला तो टीएलएसपेक्षा कमी अवघड नव्हता. पण आदल्या रात्री आणे-पैसे कचऱ्यात गेले नाहीत. काही वर्षे दोन्ही नाणी बाजारात चालली. 'नवा पैसा' हे नावही १९६४ सालापर्यंत टिकवले, कारण जुना पैसा लोकांच्या बोलण्यात होता. चवली-पावलीवाल्या म्हाताऱ्यांना कुणी 'आधुनिक नाणी वापरा' एवढे सांगून वाऱ्यावर सोडले नाही.

मराठी माणसाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. त्या काळच्या पत्रांतील मराठी तीन तऱ्हांची असे. काही जण रोमन अक्षरांत मराठी लिहीत. काही जण शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटांत लेख लिहून पत्रासोबत जोडत. तो फाँट संगणकावर नसेल तर पडद्यावर देवनागरीऐवजी चित्रविचित्र रोमन चिन्हांचा सडा पडतो. नंतर युनिकोड रुळले, तेव्हा युडोराला ते नीट वाचता येईना. आलेले शुद्ध मराठी पत्र तिच्यात निरर्थक खुणांचे दिसे. म्हणून फायलींबरोबर त्या काळचे फाँटही जपावे लागतात. आमच्या घरांतून मोडी कागदांची काय गत झाली, हे वाचकांना ठाऊक आहे. होळकर, शिंदे, गायकवाड दरबारांशी संबंध असलेल्या कित्येक घराण्यांत पणजोबांचे मोडी रुमाल आहेत आणि वाचणारे कुणी नाही. तरी तिथे कागद तरी उरला. म्हणूनच तंजावरपासून पुण्यापर्यंत जाणकार ते आजही वाचू शकतात, आणि २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थानही मिळाले. ई-मेलच्या बाबतीत कागदच उरणार नाही, मग लिपी कुणी कशाला शिकेल?

कुणी म्हणेल, हा सारा जुन्या माणसांचा जुन्या यंत्रांवरील लोभ आहे. तसे नाही. २०१५ साली आलेल्या विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. आज ज्यांना आमचे आउटलुक एक्सप्रेस पुराणवस्तू वाटते, त्यांचा संगणक त्याच रांगेत येऊन उभा राहिला आहे. उद्या त्यांची छायाचित्रे, त्यांचे संदेश, त्यांच्या मुलांचे आवाज अशाच कुठल्या तरी बंदिस्त फायलीत अडकतील. तेव्हा व्यावृत्ती मागण्याची आमची लढाई त्यांचीही आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. एक, कोणतीही जुनी पद्धत बंद करण्याआधी खातेदाराला त्याच्या भाषेत, किमान दोन वर्षे आधी, पुन्हा पुन्हा कळवावे आणि त्या सूचनेत 'काय बंद होईल' याबरोबर 'तुमची जुनी पत्रे कुठे असतील व कशी काढावीत' हेही असावे. दोन, एका सॉफ्टवेअरपुरता देता व काढून घेता येईल असा वेगळा पासवर्ड प्रत्येक मोठ्या सेवेने ठेवावा आणि तो उघडपणे सांगावा. तीन, जे सॉफ्टवेअर कंपनीने सोडून दिले, त्याच्या फायलींची रचना तिने प्रसिद्ध करावी, शक्य तर मूळ आज्ञावलीच खुली करावी. हे स्वप्नरंजन नव्हे. क्वालकॉमने युडोराची आज्ञावली अमेरिकेतील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमच्या स्वाधीन केली आणि मे २०१८ मध्ये ती सर्वांस खुली झाली. बारा वर्षे उशिरा का होईना, पण झाली.

चौथी मागणी आपल्या शासनाकडे आहे. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीचे विसावे कलम नागरिकाला आपली माहिती वाचता येण्याजोग्या स्वरूपात उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क देते. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात असा हक्क लिहिलेला होता. २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून तो गळाला. मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नामनिर्देशित करण्याची तरतूद त्या कायद्यात आहे, हे चांगलेच. पण वारसाने येऊन पाहावे तर दफ्तर उघडतच नाही, अशा वारसाहक्काचा उपयोग काय? गळालेले कलम परत आणले पाहिजे.

मागण्या मान्य होईपर्यंत आपण स्वस्थ बसावे असे नाही. जुना संगणक चालू स्थितीत असेल तर प्रथम त्याची इंटरनेटची तार काढावी. तो आता वाचनापुरता. आउटलुक एक्सप्रेस असेल तर साऱ्या डीबीएक्स फायलींची प्रत बाहेरच्या साठवण-पेटीवर घ्यावी. मग पत्रे निवडून माऊसने ओढत एखाद्या साध्या फोल्डरमध्ये टाकावीत; प्रत्येक पत्राची ईएमएल नावाची स्वतंत्र फाईल तयार होते आणि ती आजचे थंडरबर्डही उघडते. युडोरा असेल तर काम अधिक सोपे, कारण तिच्या पत्रपेट्या म्हणजे साधा मजकूरच असतो. फक्त सोबतची जोडपत्रे ती वेगळ्या कप्प्यात ठेवते, तो कप्पा विसरू नये. त्या काळचे फाँट त्याच प्रतीत ठेवावेत. एवढे झाल्यावर ज्यांचा जुन्या सॉफ्टवेअरवर जीव आहे त्यांनी दुभाष्या बसवून ते खुशाल चालवावे. पण आधी प्रत, मग प्रेम.

हे काम प्रत्येक वृद्धाला एकट्याने जमणार नाही. म्हणून शेवटची मागणी आपल्याच संस्थेकडे. आपण दर वर्षी संमेलनाच्या मांडवावर खर्च करतो, स्मरणिका काढतो, दिवंगत सभासदांना दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहतो. त्याच सभासदांचे संगणक त्याच आठवड्यात भंगारवाल्याकडे जातात. संस्थेच्या वाचनालयात एक टेबल, एक साठवण-पेटी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी बसणारे दोन तरुण एवढी व्यवस्था झाली, तर सभासदांनी आपले जुने संगणक तिथे आणावेत आणि पत्रे उतरवून घेऊन जावे. पत्रे खासगी असतात. ती संस्थेने वाचू नयेत, ठेवूही नयेत, मालकाच्या हाती द्यावीत. संस्थेचा स्वतःचा पत्रव्यवहार मात्र तिने ठेवावा, कारण उद्या आपल्या शतकाचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्याला तो लागेल.

आगामी वार्षिक सभेत हा ठराव मांडण्याचे आम्ही योजले आहे. अनुमोदक हवा आहे. ज्यांच्या माळ्यावर असा संगणक पडून आहे त्यांनी सभेची वाट न पाहता तो आधी खाली काढावा, कारण त्यातली चकती दर पावसाळ्यागणिक अधिक जुनी होत असते आणि तिला कोणतीही पूर्वसूचना द्यावी लागत नाही.